मिरची खळ्यावर, ढग समुद्रावर

तुम्ही गडहिंग्लजच्या पूर्वेला, नूलच्या वाटेवरच्या एका खळ्यात उभे आहात. साल 1948, नोव्हेंबरची 20 तारीख. कार्तिकाचा वद्य पक्ष चालू आहे आणि दिवस उगवायला अजून अवकाश आहे. पायाखाली शेणानं सारवलेली जमीन आणि तिच्यावर खळाभर पसरलेली जवारी मिरची. अंधारात रंग दिसत नाही, पण खाट नाकात चढते आणि डोळ्यांच्या कडा चुरचुरतात.

खांद्यावर घोंगडं आहे, पण ते पांघरावंसं वाटत नाही. परवापर्यंत या वेळेला दात वाजत होते. आज मानेला घाम आहे. खळ्याचे मालक आबा वाकून एक मिरची उचलतात, कानाशी नेतात आणि हलवतात. चांगली वाळलेली मिरची हलवली की आतलं बी खुळखुळतं. हिचं वाजत नाही. दवाचा थेंब कुठे नाही, काल संध्याकाळी हीच मिरची बोटात कडकन मोडत होती, आणि आता ती नुसती वाकते.

“थंडी मोडली बगा,” आबा म्हणतात. “उगवतीचं वारं लागलंय. गोळा करा मिरची.”

“पाऊस पडंल?” तुम्ही विचारता.

“पडंल, न्हाईतर न्हाई पडायचा. न्हाई पडला तर चार माणसांची सकाळ गेली. पडला तर वरीस गेलं.”

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. पाऊस पडणारच, असं आबा म्हणालेले नाहीत. पाऊस पडण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त आहे, असंही ते म्हणालेले नाहीत. चुकलो तर काय जाईल आणि चुकलो नाही तर काय राहील, एवढाच हिशेब त्यांनी केला आणि हात मिरचीकडे गेले. तुमचेही जातात. सुपानं, पाटीनं, ओंजळीनं मिरचीचा ढीग होतो. वर गोणपाट पडतं, गोणपाटावर कडब्याच्या पेंढ्या.

आबांना काय कळलं आणि काय कळलं नाही, हे पाहायला जरा आभाळाकडे बघा. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि पहाटेपर्यंत गार पडते. ढगांचं छत आलं की ती ऊब अडते. त्यातच वारा पूर्वेचा, म्हणजे बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन दख्खन ओलांडून आलेला. वाळलेली मिरची ही ओल पिते, म्हणून बी मुकं होतं. आबांचं निदान पक्कं आहे, पण त्याचा पल्ला काही तासांचा. या ढगांमागे अरबी समुद्रात एक चक्रीवादळ कोकण किनाऱ्याच्या बाहेरून वर सरकतंय आणि 21-22 नोव्हेंबरला ते मुंबईला झोडपणार आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारणच नाही. गडहिंग्लज अजून कोल्हापूर संस्थानात आहे, मुंबई राज्यात ते 1 मार्च 1949 ला जाईल. आकाशवाणीवर 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्ता सुरू झालेली आहे, पण या वस्तीवर ती ऐकायला यंत्र कुठे आहे?

ढिगावर दगड ठेवून झाले की निघा. पाऊस आला का, हे पाहायला थांबू नका. त्याच दिवसाची दुसरी बाजू बघायची आहे.

शिवाजीनगर, पुणे. मनोरा असलेली ही दगडी इमारत पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ आहे, कारण हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे आलं. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. आत एका मोठ्या टेबलावर हिंदुस्थानचा नकाशा पसरलाय आणि शेजारी तारांची चळत. तारांमध्ये शब्द नाहीत, आकड्यांचे गट आहेत. वेंगुर्ल्याचा हवेचा दाब, रत्नागिरीचा वारा, कुलाब्याचे ढग, वेरावळचं तापमान. एक जण आकडे वाचतो, दुसरा बारीक अक्षरात ते त्या त्या ठाण्याशेजारी नोंदवतो, तिसरा पेन्सिलीनं सारख्या दाबाची ठिकाणं जोडत वक्र रेषा काढतो. जमिनीवर त्या रेषा दाट आणि ठाम आहेत. किनारा ओलांडला की पेन्सिल अडखळते, कारण समुद्रावर कोणी ठाणं बसवलेलं नाही. तिथून बोलतात ती फक्त जहाजं. आणि वादळाचा इशारा गेला की शहाणा कप्तान तिथून लांब पळतो, म्हणजे जिथली खबर सर्वांत जास्त हवी तिथूनच ती बंद होते.

याच वर्षी ॲना मणी इंग्लंडमधलं शिक्षण संपवून पुण्याच्या या खात्यात रुजू झाल्या आहेत, उपकरणांच्या विभागात. पुढे शंभरेक उपकरणांचे प्रमाण आराखडे त्या तयार करून घेतील, म्हणजे दाबमापक, वारामापक, पर्जन्यमापक देशातच बनतील आणि दोन ठिकाणची मोजमापं एकमेकांशी ताडता येतील. अंदाजावर भरवसा ठेवण्याची गोष्ट निघाली की मला आधी हेच काम आठवतं. टेबलाभोवतीचे तिघे कितीही हुशार असले तरी रत्नागिरीचा दाबमापक खोटं बोलत असेल तर रेषा खोटीच येणार.

टेबलापाशी थांबून बघा, इशाऱ्याची तार कुणाच्या नावानं निघते. बंदरांच्या. बंदरावर खूण चढेल, मचवे खाडीत शिरतील. ही यंत्रणाच मुळात जहाजांसाठी उभी राहिली. 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळानं कलकत्त्यात हाहाकार माजवला, त्यानंतरच्या वर्षी तिथल्या बंदरासाठी इशारे सुरू झाले आणि 1875 मध्ये ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली देशाचं हवामान खातं. मग दुष्काळ आले आणि सरकारला पावसाळ्याची चिंता लागली. ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधू लागले. 1932 मध्ये पुण्यात डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे शेतीच्या हवामानाचा वेगळा विभागही आला. पण जहाज आणि पावसाळा या दोन मोठ्या काळज्यांच्या फटीत कार्तिक-मार्गशीर्षातला अवेळी पाऊस राहून गेला. पंचांगानंसुद्धा पावसाच्या नक्षत्रांना वाहनं दिली ती मृगापासून स्वातीपर्यंत. त्यापुढच्या पावसाला ना नक्षत्र, ना वाहन, ना बंदरावरची खूण.

आता जरा लांब जायचं आहे. अमेरिका, 1884. जॉन पार्क फिनली नावाचा लष्करी अधिकारी चक्रीझोताचे, म्हणजे टोर्नेडोचे अंदाज देतोय. तीन महिन्यांत त्यानं 2803 अंदाज दिले आणि जाहीर केलं की त्यातले 96.6 टक्के बरोबर आले. तुम्ही त्याच्या वहीत डोकवा. 2680 वेळा त्यानं ‘नाही’ म्हटलं आणि खरंच काही झालं नाही. 28 वेळा ‘होईल’ म्हटलं आणि झालं. 72 वेळा ‘होईल’ म्हटलं आणि काही आलं नाही. 23 वेळा ‘नाही’ म्हटलं आणि संकट दारात आलं. टीकाकारांनी लगेच बोट ठेवलं की एखाद्यानं डोळे मिटून 2803 वेळा ‘नाही’च म्हटलं असतं तर तो 98.2 टक्के बरोबर ठरला असता.

या वहीपाशी मी तुम्हाला मुद्दाम आणलं आहे. “मार्गशीर्षात कुटला आलाय पाऊस?” असं म्हणणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक पारावर असतो आणि तो बहुतेक वर्षी बरोबर ठरतो. त्याचा हिशेब फिनलीपेक्षा चांगला निघेल. पण वादळ कधी येतं, हे त्याच्याकडून तुम्हाला एकदाही कळणार नाही. अंदाज किती वेळा बरोबर आला, हा आकडा एकटा काही सांगत नाही. तो आला तेव्हा त्यानं तुमचं काय वाचवलं आणि चुकला तेव्हा तुमचं काय गेलं, हे त्याच्याबरोबर मांडायला हवं. आबांनी ते पहाटेच्या अंधारात मांडलं होतं.

आणखी एक हिवाळा बघून घ्या, 1961 चा, बोस्टनजवळच्या एका विद्यापीठात. एडवर्ड लोरेंझ संगणकावर हवामानाची समीकरणं सोडवतायत. आधीच्या गणिताचा एक तुकडा पुन्हा चालवायचा म्हणून ते छापील कागदावरचा आकडा भरतात, 0.506, आणि कॉफी प्यायला जातात. संगणकाच्या पोटात तोच आकडा 0.506127 होता. परत येऊन पाहतात तर दोन्ही गणितं सुरुवातीला हातात हात घालून चाललेली, मग हळूहळू वेगळी झालेली आणि शेवटी एकाचं दुसऱ्याशी काही नातं न उरलेलं. हजारातल्या एका हिश्श्याहूनही कमी फरक. वेंगुर्ल्याचा वारा कोण इतका अचूक मोजणार आहे? म्हणून आजचा दिवस सांगणं सोपं, उद्याचा थोडा अवघड, पाचवा आणखी अवघड, आणि दोन आठवड्यांपलीकडचा नेमका दिवस सांगणं जवळपास अशक्य. कोणी तीन आठवड्यांनंतरची तारीख देऊन तुमच्या तालुक्यात गारपीट होणार असं छातीठोक सांगत असेल, तर त्याला नम्रपणे नमस्कार करा आणि कामाला लागा.

पण गणित सोडून द्यावं असा याचा अर्थ कोणी काढला नाही, हे फार चांगलं झालं. हवामानाची उपकरणं वाढली, उपग्रह वर गेले, समुद्रावरची ती कोरी जागा भरत आली. गेल्या काही दशकांत अंदाजाचा भरवशाचा पल्ला साधारण दर दहा वर्षांना एकेक दिवसानं लांबत गेला. आणि एकच गणित करण्याऐवजी सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेक गणितं करायची पद्धत आली. आपल्याकडे जून 2018 पासून अशी 21 गणितं एकदम चालवली जाऊ लागली. एकविसांपैकी अठरा जणांनी पाऊस आणला तर बोलण्यात जोर येतो, चारच जणांनी आणला तर सावधपणे बोलावं लागतं. चार जणांनी आणलेला पाऊससुद्धा आबांसारख्याला मिरची गोळा करायला पुरेसा असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

आता परत या. तेच खळं, 30 नोव्हेंबर 2021, मंगळवार, संध्याकाळ. कार्तिक वद्यच चालू आहे. सारवणाच्या जागी आता हिरवी शेडनेट अंथरलीय, कडब्याच्या जागी निळी ताडपत्री घडी घालून ठेवलीय. रस्त्यानं ऊस भरलेले ट्रॅक्टर हरळीच्या कारखान्याकडे चाललेत. पलीकडच्या रिकाम्या रानात ऊसतोड टोळीच्या कोपी पडल्यात आणि एका कोपीपुढे वाड्याच्या भाऱ्यांशेजारी चूल पेटलीय. त्याच्याही पलीकडे एका धनगरानं रानात बकरी बसवलीत. गुऱ्हाळाच्या चिमणीतून धूर निघतो, पण वर चढत नाही, जमिनीलगत पसरतो. थंडी नाही.

आबांचा नातू आता स्वतः पन्नाशीचा आहे. तुम्ही त्याला काका म्हणा. त्याच्या मुलाच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये हवामान खात्याचा इशारा. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, उत्तरेकडून येणारा पश्चिमी झंझावात, दोघांची गाठ पडून महाराष्ट्रात अवेळी पाऊस. या वेळी नकाशावरचा समुद्र कोरा नाही. उपग्रहाच्या चित्रात ढगांचा पट्टा समुद्रावरून थेट कोकणाकडे आलेला पोरगं बोटानं मोठा करून दाखवतं.

“मागल्या पंधरवड्यात बी पाऊस पडणार म्हनले हुते,” काका म्हणतो. “कुटं पडला?”

“हलकर्णीत पडला की.”

“आपल्या खळ्यात पडला काय?”

दोघेही खरं बोलतायत. भांडण कुठे आहे ते बघा. अंदाज असतो ‘कोल्हापूर जिल्ह्या’चा. या जिल्ह्याचा एक काठ सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि दुसरा कर्नाटकच्या काळ्या रानात. शेजारून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. आजरा ओलांडून गडहिंग्लजला पोचेपर्यंत पाऊस हजाराच्या आतबाहेर उतरतो. एवढ्या टापूला एकच चिन्ह, एक ढग आणि दोन थेंब. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ असं आलं तर खात्याच्या हिशेबात त्याचा अर्थ असतो की पर्जन्यमापक असलेल्या ठाण्यांपैकी जास्तीत जास्त पाव ठाण्यांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पावापासून निम्म्यापर्यंत. तुरळक पाऊस हलकर्णीला पडला आणि नूलला पडला नाही, तर अंदाज बरोबरच आला. काकाच्या खळ्यापुरता तो चुकला.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे आणि तिच्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. खात्याच्या लेखी 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला की तो ‘जोरदार’ पाऊस, 115.6 पासून ‘अति जोरदार’. पिवळा, केशरी आणि लाल रंग बहुतांशी या पायऱ्यांवर चढतात. पूर, दरड, पाण्याखाली जाणारा भडगावचा पूल, यांच्यासाठी त्या पायऱ्या योग्यच आहेत. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला त्यांची गरज समजावून सांगायला नको. पण उघड्यावरच्या मिरचीला तीन मिलिमीटर पुरतात. अर्धवट वाळलेल्या सालीवर पाणी बसलं की दोन दिवसांत पांढरे डाग, मग बुरशी, आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात त्या ढिगापुढे व्यापारी उभा राहत नाही. हरभऱ्याच्या पानावरची आंब धुऊन जायला एक सर बास होते आणि आंब गेली की घाटेअळीचं फावतं. गुऱ्हाळावरची चिपाडं भिजली की काहिलीखाली जाळ लागत नाही. आजरा-चंदगडकडे काजूच्या मोहोराला नुसतं ढगाळ हवामानही जाचतं. नकाशावर जिल्हा हिरवा असतानाही हिवाळ्यात एवढं सगळं घडू शकतं, आणि तरी खातं आपल्या मोजपट्टीवर बरोबर राहतं.

मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या भागाला वेगळा अंदाज मिळायला हवा. मंडळनिहाय, आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देणारा: उद्या रात्रीपर्यंत एकही सर पडण्याची शक्यता शंभरात किती? हे आता अशक्य राहिलेलं नाही. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. कोल्हापूरचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. आणि तुम्ही उभे आहात त्या संध्याकाळनंतर चार वर्षांच्या आत, मे 2025 मध्ये, पुण्याच्या पाषाणमधली संस्था सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी अंदाज प्रणाली देशाला देईल. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. सहा किलोमीटरमध्ये नूल आणि हलकर्णी वेगळी दिसू लागतात. यंत्र तिथवर आलंय. आकडा शेतकऱ्याच्या प्रश्नाच्या रूपात बाहेर पडणं बाकी आहे.

पण आज संध्याकाळी हातात जे आहे त्यावरच ठरवायचंय. काकू पदर खोचून पुढे आलीय.

“झाकूया की. इचार कसला करतायसा?”

“झाकून दोन दिस ऱ्हायली तर आतनं घामंजल,” काका म्हणतो.

हे कोणत्याही पत्रकात लिहिलेलं नसतं आणि ते शंभर टक्के खरं आहे. मिरची झाकणं फुकट नाही. ओलसर मिरचीवर ताडपत्री दोन दिवस राहिली तर आत वाफ धरते, ढिगाचा मधला भाग गरम होतो आणि पाऊस न येताही माल काळवंडतो. म्हणजे खोट्या इशाऱ्याचीही किंमत मोजावी लागते. म्हणूनच ‘कसंही असो, झाकून टाका’ हा सल्ला द्यायला सोपा आणि पाळायला कठीण. काका घुटमळतो त्यात आळस नाही, अज्ञानही नाही. त्याच्यापुढे दोन नुकसानं आहेत आणि त्यातलं एक निवडायचं आहे.

शेवटी मिरचीचे दोन भाग होतात. बी वाजणारी कडक मिरची आजच पोत्यात भरून सोप्यात जाते. ओली मिरची खळ्यावरच लांबट, उथळ ओळीत रचली जाते. तिच्यावर बांबूच्या आधारानं ताडपत्री अशी ताणतात की कडेनं वारं खेळावं. कोपीतली दोन माणसं येऊन हात लावतात, काका त्यांना एक जुनी ताडपत्री त्यांच्या कोपीवर टाकायला देतो. एकविसांपैकी किती गणितांनी पाऊस आणला, हे इथे कोणाला माहीत नाही. पण इशारा एका दिवसावरचा आहे, ढगांचं चित्र डोळ्यांसमोर आहे आणि थंडी मोडलीय. तीन खुणा एकाच बाजूला झुकल्या की खळ्यावरचं काम हलवायला एवढं पुरतं.

1 डिसेंबरला पाऊस येतो. मोठा नाही, गडगडाट नाही, नुसती भुरभुर आणि मध्ये एखादी सर. पण तो थांबतही नाही. ऊसतोड बंद पडते, फडातून ट्रॅक्टर निघत नाही, चाकं रुततात. कोपीत पाणी शिरतं आणि बाया पोरांना घेऊन गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली येऊन बसतात. हा पाऊस राज्यभर आहे. मुंबईतसुद्धा डिसेंबरच्या पहिल्या दिवशी लोक छत्र्या शोधतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला उत्तरेला जावं लागेल, शिरूर-जुन्नरच्या माळावर. जायला मन घेणार नाही, पण जा. रात्रभराच्या पावसानं आणि गार वाऱ्यानं मेंढ्या उघड्यावर गारठून मेल्यात. पुणे आणि नगर जिल्ह्यांत त्या दोन दिवसांत मेंढपाळांचे कळपच्या कळप आडवे झाले. भिजलेली लोकर, त्यावर वारा, निवारा नाही. पाऊस येणार, हे खात्यानं सांगितलं होतं. मिलिमीटरच्या मोजपट्टीवर मेंढीची रात्र मावली नाही. भिजलेल्या जनावराला रात्रीचा वारा कसा मारतो, हे सांगणारा इशारा, आणि तो माळावरच्या कळपापर्यंत नेणारा माणूस, या दोन्ही गोष्टी तिथे असायला हव्या होत्या. मिरचीचं एक वर्ष जातं. कळप गेला की मेंढपाळाचा संसार जातो. या ओळी लिहिताना मला कोणत्याही गणितापेक्षा तोच माळ डोळ्यांसमोर दिसतो.

आणि त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात ‘जवाद’ उठलं. 3 डिसेंबरला ते चक्रीवादळ झालं, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून हजारो लोकांना हलवलं गेलं, आणि 5 तारखेला पुरीच्या आसपास पोचण्याआधीच वादळ समुद्रात विरलं. बरेच जण म्हणाले, फुकट धावपळ केली. वादळ कोणत्या वाटेनं जाईल, हे आता पुष्कळ नेमकं सांगता येतं. ते किती जोर धरेल किंवा कुठे ढेपाळेल, हे सांगणं अजून अवघड आहे. 2017 मध्ये ‘ओखी’ कन्याकुमारीपाशी तासांच्या हिशेबात फुगलं आणि समुद्रावर गेलेले कोळी त्यात सापडले. त्या वर्षी 5 डिसेंबरला मुंबईत शाळा बंद होत्या. शिवाजी पार्कवर महापरिनिर्वाण दिनासाठी आलेल्या लोकांना चिखलातून उठवून महापालिकेच्या शाळांत हलवावं लागलं, आणि वादळ मुंबईला न शिवता सुरतेकडे जाऊन विझलं. ओखी आणि जवाद यांना मी एकाच पारड्यात तोलतो. लोकांना हलवलं आणि वादळ आलं नाही, तर त्या लोकांचे दोन दिवस गेले. नाही हलवलं आणि आलं, तर काय होतं ते केरळ-तमिळनाडूच्या कोळीवाड्यांना विचारावं.

तुम्ही मात्र 3 डिसेंबरच्या सकाळी खळ्यावर परत या. शुक्रवार आहे, नवा सल्ला निघायचा दिवस. पाऊस थांबलाय, आभाळ अजून भुरं आहे. काका ताडपत्रीची एक कड उचलतो आणि आतून उबट, तिखट वाफ अंगावर येते. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. वरची मिरची बरी आहे. मधली कोमट झालीय, अजून काळी पडलेली नाही. संध्याकाळपर्यंत उघडली नाही तर पडेल. उघडून पसरली आणि पुन्हा सर आली तर दोन दिवसांची सगळी धडपड पाण्यात.

या वेळचा प्रश्न उलटा आहे. परवा ‘पाऊस येईल’ यावर विश्वास ठेवायचा होता, आज ‘येणार नाही’ यावर ठेवायचाय, आणि हा विश्वास जास्त अवघड असतो. चुकलो तर मिरची आपल्या हातानंच पावसाखाली मांडल्यासारखं होईल.

पोरगं फोन घेऊन उभं आहे. काकू त्याच्याकडे बघते.

“काय म्हनतोय?”

“उद्यापास्नं कोरडं म्हनतोय. पाच दिस.”

“आणि वारं?”

काका तोंड वर करतो. धूर आता जमिनीवरून उठलाय आणि सरळ वर चाललाय. अंगावरून गेलेली झुळूक कोरडी आहे, तिच्यात पहाटेच्या थंडीचा पहिला चावा आहे.

“सुटलंय. निम्मी पसरा आता,” तो म्हणतो. “ऱ्हायलेली दुपारी बघू.”

तुम्ही ताडपत्रीची दुसरी कड धरता.